जोडसदरा

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी दूर उत्तरेतल्या ट्रॉन्डहाइम शहरात एका भाड्याच्या खोलीत प्रणिता वासेकरच्या पाठीवर तिच्या नवऱ्याचा हात आला. नवरा तेव्हा चंद्रपुरात होता.

हात म्हणजे खरा हात नव्हे. तिने नुकताच अंगात घातलेला राखाडी सदरा हा जोडसदरा होता आणि त्याचा जोडीदार चंद्रपूरला, तुकूममधल्या घरी, मोरेश्वरने घातला होता. धावणाऱ्याच्या अंगाला लागणारा वारा, गारवा, पाऊल पडल्याचा हिसका हे सगळं टिपायचं आणि घरच्या सदऱ्यात जसंच्या तसं उमटवायचं, हे या कपड्याचं काम. उलट दिशेने एकच गोष्ट येई, घरच्या माणसाच्या अंगाची ऊब. ती दोन खांद्यांच्या मधोमध, तळहाताएवढ्या जागेत जाणवायची. आवाज नाही की चित्र नाही. घरचा सदरा अंगावर आहे की खुंटीवर, हेही त्याला उबेवरूनच कळे. आतून चौतीस अंशांच्या वर काही लागलं, की तिथे माणूस आहे असं धरून धावणाऱ्याच्या बाहीवर हिरवा ठिपका उजळायचा.

प्रणिताने ठिपका पाहिला आणि सवयीने पाठीवरची ऊब जोखली. एकतीस वर्षं तिने सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढली होती आणि नुसत्या स्पर्शाने ताप सांगण्यात तिचा हात धरणारं तिथे कुणी नव्हतं. सत्त्याण्णव, ती मनाशी म्हणाली. ठीक आहे.

"अहो, निघते आता," ती मोठ्याने म्हणाली. ऐकू जाणार नव्हतं, हे ठाऊक असूनही म्हणाली. गेली दोन वर्षं घरातही तिचं बोलणं साधारण असंच चाललं होतं.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत मोरेश्वर वासेकर म्हणजे बोलायला लागला की थांबायचं नाव न घेणारा माणूस होता. वीजकेंद्राच्या उपकरण विभागात तीस वर्षं त्याने भट्ट्यांना थर्मोकपल लावले, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारा. उरलेला वेळ इरई धावक मंडळाला दिला. चंद्रपुरात तेव्हा सूर्यबंदी नुकतीच लागू झाली होती. मार्चच्या पंधरा तारखेपासून मृगापर्यंत सकाळी सहानंतर उघड्यावर धावायचं नाही, असा तो नियम. मोरेश्वर नियम पाळूनच धावायला गेला होता. तारीख होती अठ्ठावीस फेब्रुवारी. ऊन मात्र तारीख बघून आलं नाही. उष्माघाताने तो रामनगरच्या रस्त्यावर कोसळला.

जीव वाचला. पण अंगाची घाम काढायची यंत्रणा बिघडली ती बिघडलीच आणि डावा पायही ओढायला लागला. तिशीच्या वर पारा असेल तर घराबाहेर पडायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. चंद्रपूरच्या माणसाला असं सांगणं म्हणजे थंडीचे दोन महिने सोडून वर्षभराची कैदच. तेव्हापासून मोरेश्वर कूलरसमोरच्या खुर्चीत बसू लागला आणि हळूहळू त्याचं बोलणं जेवण, औषध आणि लाईट आली का, एवढ्यावर आलं. प्रणिताने नोकरी सोडली. घरात दोन माणसं होती आणि दोघंही एकटी होती.

त्यातच ही सोडत निघाली. उत्तरेतल्या गार शहरांनी तापलेल्या शहरांसाठी जोडीची मॅरेथॉन सुरू केली होती. एकाने तिथे धावायचं, दुसऱ्याने घरी बसून ते धावणं अंगावर घ्यायचं. मोरेश्वरने धडधाकट असताना अर्ज भरून ठेवला होता. नाव त्याचं निघालं आणि धावायची वेळ तिच्यावर आली. त्याने नुसती मान हलवली आणि सदरा कुठल्या बाजूने घालायचा, ते मात्र दोनदा विचारून घेतलं. प्रणिताला तेवढं पुरलं. दोन वर्षांत त्याने पहिल्यांदा कशाची चौकशी केली होती. एकदा तरी त्याला पुन्हा धावल्यासारखं वाटावं, म्हणजे तो माणसात येईल, असं तिने मनाशी घट्ट धरलं होतं.

खरं तर ती धावपटू नव्हतीच. ती शेपूट होती. इरई धावक मंडळाचा एक जुना दंडक होता. शेवटचा गडी परत येईपर्यंत तर्री-पोह्यांच्या पातेल्यावरचं झाकण काढायचं नाही. त्या शेवटच्या गड्याला सोबत करणाऱ्याला शेपूट म्हणत. दर रविवारी नवा कुणीतरी दमून मागे पडायचा आणि प्रणिता त्याच्या बरोबरीने रमतगमत यायची. वीस वर्षं तिने तेच केलं. मोरेश्वर अर्धा तास आधी पोचून पातेल्याजवळ बसलेला असे आणि ती दिसली की म्हणे, "आली आमची शेपूट. उघडा झाकण."

नऊ वाजता मॅरेथॉन सुटायची होती. जूनचा पहिला शनिवार होता, हवेत बारा अंशांचा गारवा होता आणि फ्योर्डवरून, म्हणजे डोंगरांत घुसलेल्या समुद्राच्या फाट्यावरून, मिठाचा वास येत होता. सुरुवातीच्या रेषेमागे पाच-सहा हजार माणसं राखाडी सदरे घालून उभी होती. कुणी स्पेनची, कुणी इराकची, कुणी आपल्याकडची. जो तो आपल्या बाहीकडे बघत होता. कुणी कुणाशी फारसं बोलत नव्हतं. प्रत्येकाचं माणूस पाठीवर होतं, मग शेजारच्याशी कोण बोलणार?

प्रणिताच्या शेजारी मात्र एक सरदारजी उभे होते, सत्तरीचे, पांढऱ्या दाढीचे. त्यांनी आपणहून ओळख करून दिली. हरपाल सिंग, श्रीगंगानगर.

"आपके पीछे कौन है, बहनजी?"

"मिस्टर आहेत... मिस्टर हैं मेरे."

"मेरी घरवाली है. सुरिंदर. बेटे दोनों बाहर, घर पे अकेली. बोली, तुम जाओ जी, मैं पूरे रास्ते पीठ पे हाथ रखूँगी." ते हसले. "चालीस साल में रखा नहीं कभी."

बंदूक वाजली आणि दोघं बरोबरच निघाली. सरदारजींचा वेग म्हणजे जेमतेम भरभर चालण्याचा. प्रणिताचे पाय आपोआप त्या वेगाला जुळले. शेपटीची सवय सातासमुद्रापार गेली म्हणून सुटत नाही.

सहाव्या किलोमीटरला नदीवरचा जुना लाल लाकडी पूल आला. दोन्ही काठांना खांबांवर उभी असलेली रंगीत वखारी, खाली संथ पाणी आणि पाण्यावरून सरळ तोंडावर येणारा वारा. प्रणिताच्या अंगावर काटा आला. हा काटा आता तुकूमच्या खुर्चीतही उठला असणार, या विचाराने तिचे डोळे भरले. "लागला का वारा?" तिने विचारलं. पाठीवरची ऊब क्षणभर नाहीशी झाली, ठिपका विझला, आणि ती दचकून थांबणार तोच दोन्ही परत आली. सदरा नीटनेटका केला असेल, तिला वाटलं. त्यानंतर ऊब अगदी एकसारखी राहिली.

ती बोलत राहिली. इथली फुलं, इथल्या घरांचे लाल-पिवळे रंग, रस्त्याकडेला घंटा वाजवणाऱ्या म्हाताऱ्या बायका, सगळं सांगत राहिली. मग नकळत घरचं निघालं. "तुम्ही बोलत नाही तर मला घर खायला उठतं हो," ती म्हणाली. "मी दवाखान्यातून आले असते तर तिथलं तरी सांगितलं असतं. आता तेही नाही." चंद्रपूरच्या घरात हे वाक्य तिच्या तोंडून कधीच निघालं नसतं. सरदारजीही आपल्या पाठीशी पंजाबीत काहीबाही पुटपुटत होते. अवघा रस्ता अशा एकट्या बोलणाऱ्यांचा होता.

एकविसाव्या किलोमीटरनंतर हात ऊबदार होऊ लागला. आधी अठ्ठ्याण्णव, मग नव्याण्णव. प्रणिताला बरं वाटलं. तो रंगात आलाय, तिने ताडलं. खुर्चीत बसून पाय हलवत असेल, अंग तापलं असेल. तिच्या थकलेल्या मांड्यांत जोर आला. पंचविसाव्याला शंभर. ती मनातल्या मनात हसली. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, पण तो आपल्या इतक्या जवळ आल्याचं तिला आठवत नव्हतं.

तिसाव्याला ऊब एकशेदोनवर गेली आणि तिचं हसू मावळलं. तेहतिसाव्याला एकशेचार.

हा ताप होता. घाम न येणाऱ्या माणसाला एकशेचार ताप. तिच्यातली बायको क्षणात मागे सरली आणि नर्स पुढे आली. पाण्याच्या टेबलाजवळ एक स्वयंसेवक बाई उभी होती. प्रणिताने तिचा फोन मागितला. तोंडपाठ असा एकच नंबर होता, मोरेश्वरचा. रिंग वाजत राहिली, कुणी उचलला नाही. बाकी सगळे नंबर तिच्या स्वतःच्या फोनमध्ये आणि तो शेवटच्या रेषेपाशी, पिशवीत.

"गाडी?" तिने मोडक्या इंग्रजीत विचारलं.

रस्ता बंद आहे, बाईने समजावलं. मागून दमलेल्यांना गोळा करणारी बस येते, पण ती शेवटच्या माणसाच्या मागे. पाऊण तास तरी लागेल, मग पुढचा प्रवास. तुम्ही धावलात तर आधी पोचाल.

प्रणिताने मागे वळून पाहिलं. सरदारजी टेबलाला हात टेकून वाकले होते. आजवर अशा माणसाला सोडून ती एक पाऊल पुढे गेली नव्हती.

"मला जावं लागेल भाईसाहब. घर फोन करना है."

"जाओ, जाओ. मैं आ जाऊँगा. अकेला थोड़ी हूँ."

मग शेपूट धावली. कशी धावली, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. घशाला कोरड, उजव्या टाचेला फोड आणि पाठीवर तो जळता हात. प्रत्येक किलोमीटरला ती ऊब जोखत होती, आणि ऊब उतरत नव्हती. पाणी पाजा, ओली चादर टाका, काखेत बर्फ ठेवा, ती पुटपुटत होती. कुणाला सांगत होती? घरात तो एकटाच होता. तिने त्याला एकटं ठेवलं होतं, चार हजार मैलांवर वारा खायला आली होती. माझंच चुकलं, ती प्रत्येक पावलाला म्हणत होती. कॅथेड्रलचा हिरवा मनोरा दिसला, टाळ्या ऐकू आल्या, कुणीतरी गळ्यात एकाऐवजी दोन पदकं घातली. एक तिचं, एक घरच्याचं. हातात केळं कोंबलं. तिने पिशवी हिसकल्यासारखी घेतली आणि मंडळाचे चिटणीस गेडाम सर यांना फोन लावला.

"मॅडम, काळजी नका करू," गेडाम सर पहिल्याच रिंगला म्हणाले. "सर इथंच आहेत, माझ्याजवळ. साडेतीनला अख्ख्या तुकूमची लाईट गेली. वॉर्डाची गाडी करून सगळ्यांना थंडघरात आणलं. घाईत त्यांचा फोन घरीच राहिला. देतो त्यांना."

थंडघर म्हणजे शाळेखालचं तळघर, उष्णतेच्या लाटेत माणसांना ठेवायची जागा. साडेतीन. प्रणिताने बाहीकडे पाहिलं. ठिपका हिरवा होता. पाठीवर हात होता.

"ताप आहे का तुम्हाला?" मोरेश्वरचा आवाज येताच तिने विचारलं.

"नाही बा. काहून?"

"सदरा अंगावर आहे?"

मागे कुणाचं तरी लेकरू रडत होतं, पंख्यांची घरघर चालली होती.

"सदरा घरी आहे," तो म्हणाला. "खुर्चीवर."

"साडेतीनपासून?"

"नाही. तू त्या लाल पुलावर होती ना, फोनमधल्या नकाशावर दिसत होती मले... तवापासून."

प्रणिता गवतावर बसली.

"सोसलं नाही गं," मोरेश्वर म्हणाला. पुढे तो जेवढं बोलला, तेवढं दोन वर्षांत एका दमात बोलला नव्हता. "पयले वारा आला. मस्त वाटलं. मंग पायाले रस्ता लागाले लागला. एक-दोन, एक-दोन. माझा डावा पाय खुर्चीतल्या खुर्चीत आपोआप उचलाले लागला. मी रडलो, प्रणिता. धावणारा माणूस आहो मी. बसून धावणं नाही जमलं मले. काढून टाकला."

"मग ठिपका?"

"ठिपका विझला असता त तू थांबली असती. तुले ओळखतो ना मी. खुर्ची जिन्याकडच्या भिंतीले टेकवली अन् तिच्यावर सदरा घातला. कूलरची हवा जात नाही तिथं, भिंत छत्तीसच्या खाली येत नाही दुपारी. थंड देशातल्या लोकायनं बनवलेला सदरा. माणूस सोडून घरात काही एवढं गरम असते, हे त्यायले काय माहीत? तीस वर्षं थर्मोकपल लावले. एवढं त समजते मले."

आणि लाईट गेल्यावर कूलर बंद पडला, घर तापत गेलं, आणि भिंतीचा ताप एकशेचारवर गेला. पुढचं प्रणिताला कुणी सांगायची गरज नव्हती. ज्या उन्हाने तिच्या नवऱ्याला पाडलं, तेच ऊन छत्तीस किलोमीटर तिच्या पाठीवर हात ठेवून आलं होतं आणि ती त्याला मनातलं सांगत आली होती.

"मी भिंतीशी बोलत आले," ती म्हणाली. राग आला होता, आणि तो जिवंत आहे याचा आनंद त्या रागाच्या आतच कुठेतरी होता. "सगळं बोलले. तुम्हाला कधी बोलले नाही तेसुद्धा."

"मले ऐकू कुठं आलं असतं तसंही?"

"ते माहीत आहे मला."

मग त्याने विचारलं, "किती वेळ लागला?"

"पाच एकावन्न. तेहतिसाव्यापासून तुमचा ताप समजून धावत सुटले."

"शेवटचे नऊ?"

"एक तास सहा मिनिटं."

"बाप्पा," मोरेश्वर म्हणाला. एवढंच म्हणाला, पण आवाज जुना होता, पातेल्याजवळ बसलेल्या माणसाचा. "घरी ये. मंग सांग मले काय बोलली ते. भिंतीले सांगितलं तेच सांग." आणि गेडाम सरांना फोन परत गेला.

प्रणिता बसून राहिली. सदरा काढायला हवा होता. तुकूममधल्या कुलूपबंद घरात एक खुर्ची भिंतीला टेकून होती आणि तिची ऊब अजून तिच्या पाठीवर होती. खोटी आहे हे कळलं, तरी या परक्या गार हवेत ती काढून टाकायला हात धजावेना. आसपास माणसं येत होती, पदकं घेत होती, डोळे मिटून आपापल्या पाठीवरचा हात अनुभवत होती. सगळ्या बाह्या हिरव्या होत्या. स्पेनमध्ये आज सेहेचाळीस होतं, असं सकाळी कुणीतरी म्हणालं होतं. इराकमध्ये पन्नास.

केळं तिने सोललं नव्हतं. मागचा गडी अजून यायचा होता.

तासाभराने सरदारजी आले. मागे बस, पुढे ते. प्रणिता उठून रेषेपाशी गेली. त्यांचा चेहरा दमण्याच्या पलीकडे गेला होता, पण डोळे चमकत होते. दोन पदकं गळ्यात पडताच त्यांनी त्यातलं एक डोळ्यांना लावलं.

"सब ठीक है घर पे, बहनजी?"

"हो. ठीक है."

"शुक्र है." त्यांनी खांद्यावरून पाठीमागे हात नेला, जिथे पोचत नव्हता तिथपर्यंत. "एक बात बताऊँ? आप गईं ना, तो सुरिंदर समझ गई कि मैं अकेला रह गया. तब से ऐसा गरम हाथ रखा है उसने, ऐसा गरम, कि क्या बताऊँ. चालीस साल की कसर निकाल दी."

त्यांच्या बाहीवरचा ठिपका हिरवागार होता. श्रीगंगानगरमध्ये आता संध्याकाळचे सव्वासात वाजले असतील. तिथे लाईट होती की नव्हती, कुणास ठाऊक. सुरिंदर नावाची बाई थंडघरात होती, की भिंतीला टेकवलेल्या खुर्चीशेजारी, की त्या तापलेल्या सदऱ्यातच?

प्रणिताने आपला फोन पुढे केला. "भाईसाहब, पहले घर पे फोन लगाइए."

"अरे, किसलिए?" सरदारजी हसले. "वो तो यहीं है."

तिचा हात तसाच पुढे राहिला. एकतीस वर्षांत तिने कितीतरी घरच्यांना कितीतरी गोष्टी सांगितल्या होत्या. या माणसाला काय सांगायचं होतं?